पान त्यांचं, डोळा आपला

लातूरला समुद्र मंजूर झाल्याची बातमी मी माझ्या या डोळ्यांनी वाचलेली आहे. हसू नका. एका मोठ्या मराठी दैनिकाच्या वेबसाइटवर, अगदी वर, ठळक अक्षरांत होती: 'लातूरला समुद्र मंजूर, उन्हाळ्याआधी काम सुरू.' ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगत, त्या शहराला समुद्र! आमच्या क्लासचे हिशेबनीस चष्मा पुसून पुसून ती ओळ वाचत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "औसा रोडनं येणार का बार्शी रोडनं?"

"ते अजून ठरलं न्हाई," केमिस्ट्रीचे सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "तुमचा प्लॉट कुणीकडं हाय?"

हिशेबनीसांचा प्लॉट औसा रोडला होता. त्यांच्या चेहऱ्यावर भरती यायला लागली. तेवढ्यात सरांनी कीबोर्डवरची एक कळ दाबली, पान नव्यानं उघडलं आणि समुद्राच्या जागी उसाच्या भावाची बातमी आली.

"गेला," सर म्हणाले. "आपल्याकडं मंजूर झालेलं टिकत न्हाई."

मी तेव्हा नांदेडहून नुकतीच लातूरला आले होते, बायॉलॉजी शिकवायला. लातूरला त्या काळात क्लासेसचं पीक असं काही आलं होतं की, दुकानाच्या वर क्लास, क्लासच्या वर वसतिगृह आणि वसतिगृहाच्या गच्चीवर खानावळ. किनवट, माहूर, देगलूर, कुठून कुठून पोरं यायची, आणि प्रत्येकाला डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं असायचं. तिसरं काही होता येतं, ही बातमी लातूरपर्यंत पोचलेलीच नव्हती. या गर्दीत आमचे केमिस्ट्रीचे सर म्हणजे एक वेगळंच मूलद्रव्य. कोणाशी संयोग न पावणारं.

ते माणसांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. फिजिक्सवाले 'उदगीर', खालच्या मजल्यावरचा सायबर कॅफेवाला 'निलंगा' आणि मी 'नांदेडबाई'. "काय नांदेडबाई, जेवलाव का?" हे सकाळच्या पहिल्या तासालासुद्धा. मी एकदा विचारलं, "सर, नावं लक्षात राहत नाहीत का तुमच्या?"

"राहतात की. पण नाव आई-बाप ठेवतात. गाव खरं असतंय."

अंगानं काटकुळे, हातात कायम खडू. कॉम्प्युटरपुढे बसतानासुद्धा खडू डाव्या हातात. का, ते विचारलं तर म्हणत, "उजव्या हाताला उंदीर धरायचाय ना."

त्यांचं मूळ गाव भूकंपानं बसलेल्या भागातलं. त्या पहाटे त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कोणाची विचारायची छाती झाली नाही. पण त्यांचं घर मात्र बोलत असे. सगळं लातूर स्लॅब टाकत सुटलेलं असताना हे पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत. घरात माळा नाही, फळी नाही, भिंतीवर खिळा नाही. पुस्तकं जमिनीवर, घड्याळ जमिनीवर भिंतीला टेकून. वेळ बघायला वाकावं लागे. "डोक्यावर वजन ठेवायचं न्हाई," एवढंच ते म्हणत. दगडाच्या भिंती आणि त्यावर हातभर मातीचं माळवद असलेल्या घरांनी काय केलं, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यामुळे पुढचं कोणी ऐकायला थांबत नसे.

आता या माणसाचा आणि इंटरनेटचा संबंध काय? सगळा संबंध त्या 'डोक्यावर वजन ठेवायचं न्हाई'मध्येच होता.

त्या काळी कॉम्प्युटरवर काहीही फुकट घेतलं की ब्राउझरच्या माथ्यावर एक नवी पट्टी येऊन बसायची. शोधपट्टी, हवामानपट्टी, हसऱ्या तोंडांची पट्टी. स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर तर पट्ट्यांखाली वेबसाइट दिसायला चिमूटभर जागा उरली होती. सरांनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले.

"हे माळवद हाय," ते म्हणाले. "हे कधीतरी खाली येतंय."

त्यांनी एक एक पट्टी उतरवली. मग सगळ्या पट्ट्यांच्या जागी एकच सडपातळ ओळ ठेवली, जिथे लोक आवडत्या वेबसाइटचे पत्ते जपून ठेवतात ती. तिच्यावर त्यांनी चार-पाच बटणं मांडली. दिसायला पत्त्यांसारखीच. पण पत्त्याच्या जागी बटणाच्या पोटात सरांनी लिहिलेली आज्ञांची एक ओळ. बटण दाबलं की ती ओळ धावत जाऊन समोर उघड्या असलेल्या पानावर काम करायची आणि काम झालं की गायब. शिष्ट लोक याला बुकमार्कलेट म्हणतात. सर म्हणत, "घडी."

"घडी का हो सर?"

"खिशातल्या रुमालाला वजन असतंय का? लागला की काढायचा, पुसायचं, घडी करून ठेवायचा."

त्यांच्या घड्यांची नावं ऐका. 'झाडू' दाबला की पानावरच्या लुकलुकणाऱ्या जाहिराती, उड्या मारणारी चित्रं, मध्येच येऊन बसणाऱ्या चौकटी, सगळं साफ. 'चष्मा' दाबला की अक्षर मोठं, पांढऱ्यावर काळं. आमच्या हिशेबनीसांनी चष्म्यासाठी सरांना आयुष्यभराचा दुवा दिला आणि समुद्राची माफीही. 'गुराखी' पानावर विखुरलेले सगळे दुवे, म्हणजे लिंक्स, हाकून आणायचा आणि एका रांगेत उभे करायचा. आणि माझी लाडकी 'आत्या'! अडलेल्या इंग्रजी शब्दावरून उंदीर फिरवायचा आणि आत्याला दाबायचं. लगेच शब्दकोशाचं पान उघडून अर्थ हजर.

"आत्या का?" मी विचारलं.

"आमच्या आत्याला काहीही विचारा, तिला म्हाईतच असायचं. ही बटणातली न विचारता गप बसती, एवढाच फरक हाय."

  खऱ्या आत्या बोलत असत, असं मला वाटतं. 'असायची', 'होती' असं ते बोलले की मी विषय पुढं नेत नसे.

समुद्र आणणारी घडी म्हणजे 'पाटी'. ती दाबली की समोरचं कुठलंही पान पाटीसारखं खोडता-लिहिता यायचं. अर्थात आपल्या पडद्यापुरतंच. जगात बाकी सगळ्यांना मूळचंच पान दिसत असणार. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला. मी आजवर समजत होते, वेबसाइट म्हणजे छापलेल्या पेपरसारखी, आली तशी वाचायची. आणि इथे हा काटकुळा माणूस डाव्या हातातला खडूसुद्धा न ठेवता पेपरची पानं वळवत होता, विझवत होता, फुलवत होता.

"पान त्यांचं, डोळा आपला," सर म्हणाले. "डोळ्यापुढं काय ठिवायचं ते आपण ठरवायचं, नांदेडबाई. पण पान बदललं म्हणून दुसऱ्याला सांगायचं न्हाई. ते खोटं."

हे 'खोटं' आमच्या मालकांच्या पचनी पडलं नाही. मालक म्हणजे क्लासचे संचालक. एकेकाळी स्वतः गणित शिकवायचे, ते उत्तम शिकवायचे असं जुने लोक सांगत. पण क्लास वाढला तसे ते वर्गातून केबिनमध्ये गेले आणि केबिनमधून फ्लेक्सवर. चौकाचौकांत त्यांचा हात उंचावलेला फोटो. त्यांनी पाटीचा महिमा ऐकला आणि सरांना बोलावून घेतलं. मी तिथे चाचणीच्या प्रश्नपत्रिका घेऊन उभी होते.

"सर, निकालाचं पान उघडायचं, आपल्या पोराचं नाव जरा वर सरकवायचं, आणि प्रिंट. जाहिरातीला. काय अवघड आहे?"

"काहीच अवघड न्हाई," सर म्हणाले.

"मग?"

"मग काही न्हाई. सोपं हाय म्हणून करायचं असतं, तर पोरांना कॉपी का करू देत न्हाई आपण?"

मालकांनी पेपरवेट गर्रकन फिरवला. म्हणाले, "या जागेवर शिकवायला सोलापूरपासून लोक तयार आहेत, सर."

"हाव, असतील," सर म्हणाले आणि तासाला गेले.

तेव्हापासून आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की सरांची नोकरी एका दोऱ्यावर लटकलीय आणि दोऱ्याचं दुसरं टोक मालकांच्या हातात आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळं त्या दोऱ्यावर. पण सर मात्र निवांत. नवी घडी झाली की मला बोलवायचे, "नांदेडबाई, या, जादू बघायला या," आणि मी विंगेतून एंट्री घेतल्यासारखी धावत जायचे.

आता त्या दुपारबद्दल सांगते.

मेडिकलच्या प्रवेशाची फेरी चालू होती. ज्यांना जागा लागली होती त्यांनी प्रवेशाच्या वेबसाइटवर जाऊन संध्याकाळी पाचच्या आत 'जागा पक्की करा' हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर जागा गेली, पुढच्या फेरीत दुसऱ्याला. आणि नेमक्या त्या दिवशी त्या पानावर मधोमध सूचनेची एक मोठी चौकट येऊन बसली होती. तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी ती हलत नव्हती. पान वरखाली केलं तर तीही बरोबर वरखाली. आणि 'जागा पक्की करा' हे बटण बरोब्बर तिच्या खाली. हेल्पलाइनचा फोन सतत व्यस्त.

आमच्या क्लासच्या पोरांचं सकाळीच झालं होतं. सरांनी झाडू मारला, चौकट गेली, खालचं बटण दिसलं, पोरांनी दाबलं. मालकांनी पेढे मागवले. साडेचारला मी आणि सर चहाला म्हणून खाली उतरलो, तर निलंग्याच्या सायबर कॅफेच्या दारात चपलांचा ढीग.

आत प्लायवूडच्या उंच खोपट्यांची रांग, प्रत्येक खोपट्यात एक पोरगं आणि मागे त्याचं घर उभं. सगळ्या पडद्यांवर तीच चौकट. लाइट गेलेली, वर स्टाफरूमचा कॉम्प्युटरही बंद, इथे इन्व्हर्टरवर सगळं चाललेलं आणि तो इन्व्हर्टर मरायला टेकल्यासारखा टीं टीं करत होता. पहिल्याच खोपट्यात एक मुलगी रडत होती. मी तिला ओळखलं. समोरच्या क्लासची, आमच्या प्रतिस्पर्धी क्लासची, पहिल्या नंबरची पोरगी. मागे तिचे वडील, टोपी हातात घेऊन.

"कुठलं गाव?" सरांनी विचारलं.

"हिमायतनगर," ती म्हणाली.

"सर, दोन वर्सं झाली लातुरात ठिवलीय हिला," वडील म्हणाले. "सरकारी कॉलेजात लागलंय तिला. ही पेटी उघडंना झाली. पाचला बंद होतंय म्हणालेत. तेवढं बगा की सर."

सरांनी आधी घडी ठेवून बघितली. पण निलंग्यानं, पोरं काहीबाही भरून ठेवतात म्हणून, सगळ्या मशीनवर नवं काही ठेवायला कुलूप घातलेलं.

"निलंगा, कुलूप काढ."

"सर, सॉफ्टवेअरवाला सोलापूरला गेलाय. पासवर्ड त्याच्याकडं हाय."

 सरांच्या डाव्या हातातला खडू उजव्या हातात गेला. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग बटण नको. बटणाच्या पोटातलीच ओळ वर पत्त्याच्या जागी टाइप करू. कमी करून सांगतो."

आणि ते तोंडानं सांगायला लागले. दुसऱ्या खोपट्यातून आवाज आला, "सर, मोठ्यानं!" तिसऱ्यातून, "सर, ऐकू येईना!" प्लायवूडमुळे कोणाला कोणी दिसत नव्हतं. सरांनी निलंग्याचं लोखंडी स्टूल ओढलं आणि त्यावर चढून उभे राहिले. आता सगळ्या खोपट्यांच्या वर फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. आणि मग त्यांचा वर्गातला आवाज लागला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"हात कीबोर्डवर! वरचा पत्ता खोडा. मोठं सांगंन तेवढंच अक्षर मोठं, बाकी सगळं लहान लिपीत लिवा. जावास्क्रिप्ट. एक शब्द. मग कोलन, म्हणजे टिंबावर टिंब. मग व्हॉइड. कंस सुरू. डॉक्युमेंट. टिंब..."

खोपट्याखोपट्यांतून कळा वाजायला लागल्या. बाया-माणसं पोरांच्या कानात तेच पुन्हा म्हणत होती: "टिंब म्हणाले, टिंब." "कंस, कंस दे गं." ज्यांना इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं अशी माणसं मंत्रपुष्पांजलीसारखं ते म्हणत होती. मी दाराशी उभी होते. माझ्या आयुष्यात मी इतकं विलक्षण नाटक रंगमंचावरही पाहिलेलं नाही.

इतक्यात माझा मोबाइल वाजला. मालक.

"बाई, सर खाली काय करतायत?"

"ओळ सांगतायत. पोरांना."

"कोणाच्या पोरांना?"

"सगळ्यांच्याच," मी म्हटलं.

"आपल्या पोरांचं झालंय ना? मग बास. बाकीच्यांच्या जागा राहिल्या रिकाम्या, तर पुढच्या फेरीत आपल्याच वेटिंगवाल्यांना लागतील. त्यांना म्हणावं खाली उतरा. आत्ता."

मी स्टुलापाशी गेले. "सर, मालक म्हणतायत खाली उतरा."

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पुन्हा पहिल्यापासून!" ते ओरडले. "ज्यांचं चुकलं त्यांनी खोडा! जावास्क्रिप्ट!"

चौथ्या खोपट्यातून किंकाळी आली. "गेली! सर, पेटी गेली!" मग पाठोपाठ मागच्या रांगेतून, "आमचीबी!" टाळ्या, हुंदके, कोणीतरी कोणाला मिठी मारत होतं आणि प्लायवूड हलत होतं. एका पाठोपाठ एक चौकटी विझत होत्या, आणि ते काटकुळं डोकं वर तसंच.

फक्त हिमायतनगरचं होत नव्हतं. पोरगी शहाणी, पण डोळे पुसत पुसत टाइप करत होती. प्रत्येक वेळी काहीतरी चुकायचं, पानच उडून जायचं, पुन्हा आत यावं लागायचं. घड्याळात पाचला थोडीच मिनिटं. इन्व्हर्टर आता सलग ओरडत होता.

आणि मालक आले. जिना उतरून, पांढऱ्या शर्टात, फ्लेक्सवरून उतरल्यासारखे. चपलांच्या ढिगातून वाट काढत थेट स्टुलापर्यंत.

"सर," ते हळू म्हणाले, आणि ते हळू बोलत तेव्हाच भीती वाटे. "मी सांगितलेलं कळलं का?"

"कळलं," सर वरूनच म्हणाले. "पहिल्या मशीनचं राहिलंय. ते झालं की येतो केबिनमध्ये. राजीनामा लिहून आणतो."

मालकांनी पहिल्या मशीनकडे पाहिलं. आणि ते पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनीही पोरीला ओळखलंय. समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवर गेलं वर्षभर तिचाच फोटो होता. ही जागा सुटली तर लातूरभर कोणाचं नाक कापलं जाणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पोरगी पुन्हा टाइप करत होती. पुन्हा चुकलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "नाही येत मला."

हे एक वाक्य. मालकांनी ते वर्गात किती वर्षं ऐकलं असेल, आणि किती वर्षांत ऐकलं नसेल. ते वाकले. तिच्या वडिलांना बाजूला केलं, शेजारची खुर्ची ओढली आणि कीबोर्ड स्वतःपुढे घेतला.

"कसं येत नाही?" ते खेकसले. "माझ्याकडं बघ. मी लिहितो, तू प्रत्येक अक्षर तपास. चुकलं की थांबव मला." आणि मग मान वर न करता, "सर, सांगा. हळू सांगा."

सरांनी सांगितलं.  मालक दोन बोटांनी टाइप करत होते. मध्येच पोरगी म्हणाली, "सर, तिथं मोठा ई पाहिजे," आणि मालकांनी निमूटपणे खोडून मोठा ई केला. एंटर. चौकट गेली. तिनं माउस हातात घेतला, खालचं बटण दाबलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं की जागा पक्की झाली. तिचे वडील भिंतीला टेकून खालीच बसले.

मग इन्व्हर्टर मेला आणि सगळे पडदे काळे झाले. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मालक उठले. शर्ट सारखा केला. स्टुलाकडे न बघता म्हणाले, "राजीनामा कसला? सकाळी सातची बॅच तुमची आहे. उशीर नको," आणि जिना चढून गेले. पेढ्याचा खोका त्यांनी वरून पाठवला. कोणासाठी, ते सांगितलं नाही.

लोक पांगले. हिमायतनगरवाली सरांच्या पाया पडायला आली तर तिला स्टुलाच्याच पाया पडावं लागलं, कारण सर अजून वरच होते. मी म्हटलं, "सर, झालं सगळं. उतरा आता. चहा राहिलाय आपला."

सर इकडे तिकडे बघत हळूच वाकले. आता मला दिसलं, पँटच्या आत त्यांचे दोन्ही गुडघे लटलट कापत होते. किती वेळ कापत होते, देव जाणे.

"नांदेडबाई," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चहा वरच आणा."

मी आणला. त्यांनी तो स्टुलावर उभ्या उभ्या, फुंकून फुंकून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि मी त्या काळ्या पडद्यांच्या मधोमध मान वर करून बघत राहिले.